कवटी न उघडता

पडद्यावर मेंदूच्या रक्तवाहिन्या दिसताहेत, पानं झडलेल्या झाडासारख्या. एका फांदीच्या बेचक्यात वाटाण्याएवढा फुगवटा आहे. हा अ‍ॅन्युरिझम काल फुटला. काकांच्या डोक्यात घण बसावा तशी कळ आली, मान ताठरली, उलट्या झाल्या. रक्त सध्या थांबलंय. पण पहिल्या २४ तासांत फुगा पुन्हा फुटायची भीती सगळ्यात जास्त.

पूर्वी इथे कवटी उघडावी लागे. मेंदू अलगद बाजूला सारायचा आणि फुग्याच्या मानेला क्लिप लावायची. आज डॉक्टर उभे आहेत ते काकांच्या मांडीपाशी. जांघेतल्या धमनीतून एक नळी वर निघालीय, तिच्या पोटातून दुसरी, अगदी बारीक. हात इथे, नजर पडद्यावर.

ही वाट सापडली ती एका फसलेल्या प्रयोगातून. रोमचे न्यूरोसर्जन ग्विडो गुलिएल्मी प्राण्यांवर प्रयोग करत होते. पोलादी तारेतून सौम्य वीज सोडून फुग्यातलं रक्त गोठवता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. झालं भलतंच. विजेने तारेचं टोक झिजलं आणि तुटून आतच राहिलं. पुढे लॉस अँजेलिसमध्ये त्यांनी हे तुटणंच कामाला लावलं. १९९० मध्ये त्यांची प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे वेटोळं घालणारी बारीक तार, पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसली.

बघा, ती आत चाललीय. नळीत सरळ असलेली तार फुग्यात शिरताच वेटोळं घालते. नीट बसली नाही तर मागे ओढता येते. बसली की वीज सोडायची. कॉइलला मागच्या तारेशी जोडणारा सांधा विरघळतो, कॉइल सुटते. मग दुसरी, तिसरी, फुगा भरेपर्यंत.

क्लिप बाद झाली असं मात्र नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१४३ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलवाल्यांमध्ये कमी दिसलं. पण हे रुग्ण दोन्ही उपचार शक्य असलेले होते. रुंद मानेचा फुगा असेल, तर सर्जन आजही क्लिपचा विचार करतात.

रक्तवाहिन्या पडद्यावर दाखवणारं रंगद्रव्य पुन्हा सोडलं. झाड उमटलं, वाटाणा उमटला नाही.

आता आयसीयू. रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका अजून दोन आठवडे आहे, म्हणून निमोडिपिन हे औषध चालू. काकांनी डोळे उघडलेत. डोक्यावर साधी पट्टीसुद्धा नाही. नर्सचं सगळं लक्ष जांघेकडे.

“काका, पाय वाकवू नका हं.”