पाणी बघायला

संध्याकाळचे साडेसहा वाजलेत, आणि हा आपला सांगलीचा आयर्विन पूल. १९२९ सालचा, संस्थानच्या काळातला. पलीकडं सांगलीवाडी, अलीकडं गावभाग, खाली कृष्णामाई.

पूल बांधला पलीकडं जायला, पण आत्ता बघा, ह्यातल्या किती जणांना पलीकडं काहीच काम नाही. गाडी साईड स्टँडला लावायची, कठड्याला टेकायचं, भडंगाची पुडी फोडायची, आणि पाणी बघत उभं राहायचं बास. इथं बाकडं नाही, तिकीट नाही, कुणी ऊठ म्हणत नाही, म्हणून तर कुणीपण येतं. क्लास सुटलेली पोरं येतात, दुकानाला कुलूप लावून आलेली माणसं येतात, आणि घरात जे एकमेकांशी बोलत नाहीत असले बाप-लेक पण इथं शेजारी उभे राहून, नदीकडं तोंड करून बोलतात, हे मी स्वतः बघितलंय.

पावसाळा लागला की मग अख्खं गावच पुलावर. खांबावर हे फुटांचे आकडे दिसतात ना, ४० ला इशारा, ४५ ला धोका. जुलै-ऑगस्टात सांगलीत कोण कुणाला बरं आहे का विचारत नाही, थेट विचारतात, "किती झालं ओ?"

"छत्तीस."

"आणि कोयनेतनं किती सोडलंय?"

शेजारी कोण उभंय माहीत नसतं, तरी हिशोब चालू होतो. कोयनेचं पाणी इथं यायला किती वेळ लागणार, खाली हरिपूरला वारणा फुगली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं, हे सगळं इथल्या आज्यांना पण पाठ आहे. काहीजण ह्याला बघ्यांची गर्दी म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. आकडा मोबाईलवर पण येतो की, पण खालचं सामान माळ्यावर टाकायचं का नाही, म्हातारीला पाहुण्यांकडं हलवायचं का नाही, हे माणूस पाणी डोळ्यानं बघून ठरवतो, आणि चार लोकांत उभं राहून ठरवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला. मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर आमच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी. आई ती पुसू देत नव्हती. आणि त्याच आईनं नंतर घाटावर जाऊन कृष्णामाईची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. जिनं घर बुडवलं तिचीच. मी काही विचारलं नाही.

आता उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलंय. हा बघा, पोरीला कडेवर घेऊन एकजण खांबाकडं बोट दाखवतोय, "तिथपर्यंत आलतं बघ." पोरगी खांब बघते, मग खाली नदी बघते, आणि परत विचारते, "कुठपर्यंत?"