बाराची गाडी आणि धुळीतला बिल्ला

नमस्कार मंडळी. जेवणं झाली का? नसतील झाली तर ताट घेऊनच बसा, कारण आज ज्या पिक्चरबद्दल बोलणारे तो बघताना आमच्याकडे तव्यावरची भाकरी करपून काळी झाली आणि वास येईपर्यंत कोणी उठलं नाही.

पिक्चर म्हणजे हाय नून. १९५२ चा, ब्लॅक अँड व्हाइट, उणापुरा ८५ मिनिटांचा. मला खरं तर वेस्टर्न म्हटलं की घोडे, टोप्या आणि ठो ठो एवढंच माहिती, आणि यात ते शेवटची दहा मिनिटं सोडली तर फारसं नाहीच, आमचं अकरावीतलं कार्टं तर वैतागून म्हणालं, आई, हा माणूस नुसता गावातनं फिरतोय आणि घड्याळं दाखवतायत, गोळीबार कधी आहे?

पण फिरतोय का ते बघा ना. हॅडलीव्हिल नावाचं चिमुकलं गाव, तिथला मार्शल विल केन, म्हणजे आपल्या भाषेत फौजदारच म्हणा, सकाळी साडेदहाच्या सुमारास लग्न करतो, बिल्ला काढून ठेवतो, बायकोला घेऊन गाव सोडून निघणार, तेवढ्यात तार येते. त्यानंच पकडलेला फ्रँक मिलर, ज्याला फाशी व्हायची ती जन्मठेप झाली आणि आता तर माफी मिळून सुटलाय, तो बाराच्या गाडीनं येतोय. त्याची तीन माणसं आधीच स्टेशनवर येऊन बसलीयेत. केन थोडा पुढे जातो नि घोडागाडी वळवून परत येतो. बस. मग गाडी येईपर्यंत तो दारोदार माणसं मागत हिंडतो, कोणी येत नाही, आणि पिक्चरमधला वेळ नि आपला भिंतीवरचा वेळ जवळजवळ जोडीनं चालतो.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, एसटीत कंट्रोलर होते, सगळी नोकरी घड्याळाकडे बघत गेली. ते अख्खा पिक्चर खुर्चीच्या टोकावर. त्यांचं मत असं की गाडी बाराची आणि आली बाराला, एवढी एकच गोष्ट मला पटली नाही, बाकी सगळं खरं आहे.

आत्यांचं वेगळंच. त्या पहिल्यापासून बायकोच्या बाजूनं. लग्नाला तास झाला नाही आणि हा निघाला परत मरायला, मग केलंस कशाला लग्न? आणि ती एमी, ग्रेस केली हो, ती क्वेकर, हिंसा अजिबात मान्य नसलेला पंथ, आणि तिचा बाप नि भाऊ दोघंही गोळ्यांनीच गेलेले, ती म्हणते मी याच बाराच्या गाडीनं चालले, तर आत्या म्हणाल्या बरोब्बर, जा. मग हॉटेलात तिची हेलनशी गाठ पडते. हेलन रमिरेझ, मेक्सिकन बाई, स्वतःचा धंदा असलेली, आधी मिलरची आणि मग केनची मैत्रीण होती, केटी हुरादोनं काम असं केलंय की तिच्यासमोर ग्रेस केली शाळकरी वाटते. ती एमीला सांगते, माझा माणूस असता तर मी सोडून गेले नसते, बंदूक घेतली असती. एमी विचारते, मग का नाही घेत? तर म्हणते, तो माझा नाही, तुझा आहे. इथे आत्या गप्प झाल्या. भाकरी करपली ती याच वेळी.

आता घरातली मतं राहू द्या. या पिक्चरवर सगळ्यात जास्त चिडलेला प्रेक्षक कोण माहितीये? जॉन वेन! वेस्टर्नचा बादशहाच तो. १९७१ मधे एका मुलाखतीत म्हणाला की आयुष्यात बघितलेली ही सगळ्यात अमेरिकाविरोधी गोष्ट, शेवटी कूपर, म्हणजे केनचं काम करणारा गॅरी कूपर, मार्शलचा बिल्ला पायाखाली घालून तुडवतो. आणि गंमत अशी की गॅरी कूपरला या रोलसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा कूपर समारंभाला नव्हता, तर ते १९५३ मधे त्याच्या वतीनं घ्यायला स्टेजवर गेला कोण, तर हाच जॉन वेन, आणि वर म्हणाला की हा रोल मला का मिळाला नाही ते माझ्या माणसांना जाऊन विचारतो! आता बोला.

हॉवर्ड हॉक्स नावाचे डायरेक्टर, त्यांनाही पटला नव्हता. त्यांचं म्हणणं, हाडाचा मार्शल असा दारोदार मदत मागत फिरेल का, आणि शेवटी त्याला वाचवायला बायको लागते? मग त्यांनी उत्तर म्हणून १९५९ मधे जॉन वेनलाच घेऊन रिओ ब्राव्हो काढला, त्यात शेरीफ नको नको म्हणतो आणि लोक मदतीला येतात. तोही मजेदार आहे, बघाच. पण मला विचाराल तर मदत मागणारा फौजदार हीच तर इथली गंमत आहे, चार बंदुका येतायत आणि हा एकटा, मागणार नाही तर काय करणार?

वेनच्या रागाला अजून एक कारण होतं. पिक्चर लिहिला कार्ल फोरमननं. त्या दिवसांत अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची लाट होती, संसदेची समिती सिनेमावाल्यांना बोलवायची, तुम्ही पक्षात होतात का, अजून कोण कोण होतं, नावं सांगा. नावं दिली नाहीत की काम बंद. वेन या मोहिमेच्या बाजूचा. फोरमनची साक्ष झाली ती १९५१ मधे, शूटिंग सुरू असताना, आणि त्यानं नावं दिली नाहीत. ओळखीचे रस्ता बदलायला लागले, प्रोड्युसर स्टॅनले क्रेमर त्याचा भागीदार, ती भागीदारीही मोडली, शेवटी तो इंग्लंडला निघून गेला. आता परत बघा ते दारोदार फिरणं. डायरेक्टर फ्रेड झिनेमन मात्र म्हणायचे की मी राजकारण वगैरे करत नव्हतो, ही एका माणसाच्या सदसद्विवेकाची गोष्ट आहे. आणि कूपर? तो स्वतः उजव्या विचारांचा, तरी फोरमनच्या बाजूनं बोलला. म्हणजे पिक्चर बनवणारेच एकमेकांशी सहमत नव्हते तर आपण काय होणार.

मला विचाराल तर मला राजकारणापेक्षा ती माणसं आवडतात. एक जण घरातच लपतो आणि बायकोला दारात पाठवून सांगायला लावतो की हे चर्चला गेलेत, आणि ती बिचारी खोटं बोलताना खाली बघते. हॉटेलचा कारकून सरळ म्हणतो की मिलर होता तेव्हा धंदा जोरात होता. एक जण आधी हो म्हणतो, मग येऊन बघतो तर आपण एकटेच, की लागला बायकापोरांचं सांगायला. जुना मार्शल, हातांना संधिवात, तो म्हणतो यात काही अर्थ नाही रे विल. मनापासून यायला तयार होतो तो चौदा वर्षांचा पोरगा, त्याला केन घरी पाठवतो.

आणि चर्चमधला सीन. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या डोक्यात राहिलं होतं की मेयर लबाड माणूस. या वेळी नीट ऐकलं तर तो केनचं भरभरून कौतुक करतो, आम्ही याचे उपकार विसरणार नाही म्हणतो, ऐकताना वाटतं की आता सगळे उठणार. मग हळूच सांगतो की उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायचा विचार करतायत, रस्त्यात मुडदे पडले म्हटल्यावर कोण पैसे लावेल, तेव्हा विल, तू गेलास तर सगळ्यांच्या भल्याचं होईल. नाना इथे एवढंच म्हणाले, आमच्या सोसायटीची मीटिंग.

माझा सगळ्यात आवडता सीन मात्र न्हाव्याच्या दुकानातला आहे. केनची मारामारी झालीये, तोंड धुवायला येतो. मागे कुठेतरी ठोकाठोकी चाललेली असते, ती हा आल्यावर थांबते. केन विचारतो काय चाललंय, न्हावी म्हणतो काही नाही, जरा डागडुजी. केन तोंड पुसतो, निघतो, आणि जाता जाता म्हणतो, तुझ्या माणसाला सांग, आता काम सुरू करायला हरकत नाही. शवपेट्या चालल्यात हो! कमी पडतील म्हणून. माझ्या अंगावर काटा आला आणि कार्टंही त्या वेळी मोबाइल खाली ठेवून बसलं होतं.

परदेशात लोकांनी या पिक्चरचं काय काय केलं त्याचा एकच किस्सा सांगते. पोलंडमधे ४ जून १९८९ ला निवडणूक होती, तिथल्या सॉलिडॅरिटी नावाच्या, सरकारविरोधी कामगार संघटनेनं पोस्टर काढलं, त्यावर गॅरी कूपर चालत येतोय, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका, छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला. एकाला अमेरिकाविरोधी वाटलेला माणूस दुसऱ्यांनी मतदानाला नेला.

हां, तर तो बिल्ला. जॉन वेन म्हणाला ना तुडवला, तर आमच्याकडे त्यावरून पैज लागली, कार्टं म्हणे तुडवला, नाना म्हणे नाही. गोळीबार संपलाय, एमीनंच एकाला पाठीत गोळी घातलीये, हो, त्याच क्वेकर एमीनं, आणि दारं उघडून सगळं गाव बाहेर आलंय. घोडागाडी घेऊन येतो तो चौदा वर्षांचा पोरगाच. केन सगळ्यांकडे एकदा बघतो, बिल्ला काढतो, धुळीत टाकतो. आम्ही रिमोटनं तीनदा मागे घेऊन बघितलं. पाय जवळपासही जात नाही. टाकतो नि गाडीत चढतो, कोणाला एक शब्द नाही.

नाना म्हणाले, दोन शब्द सुनवायला हवे होते गाववाल्यांना. आत्या भाकरीचा करपलेला पापुद्रा काढत होत्या, म्हणाल्या, कशाला, बायको गाडीत बसलीये ना वाट बघत.

चला, काचेपलीकडनं मला केव्हापासून घड्याळाकडे बोट दाखवतायत, आणि इथलं घड्याळ काही कोणासाठी थांबत नाही. बघा पिक्चर, आणि पैज लावूनच बघा. येते.