आवाजाच्या आधी झोप जाते

(दृश्य: चोपडा तालुक्यातला केळीचा मळा. रात्र. विहिरीवर मोटार चालू.)

शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. तापीकाठी हे कुणाला सांगायला नको. रात्रीची पाळी आली की केळीवाला बॅटरी घेऊन मळ्यात जातो, मोटार चालू करतो, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवतो आणि पहाटे घरी येतो. या मळ्याचे मालकही असेच जायचे. त्यांचं नाव आपण घेणार नाही. गाव त्यांना भाऊ म्हणतं, आपणही भाऊच म्हणू.

अशाच एका रात्री भाऊंना मोटारीच्या घरघरीत शब्द ऐकू आले. इथवर नवल काहीच नाही. दमलेल्या माणसाला पंख्याच्या आवाजातही कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. पण भाऊंनी मोटार बंद केली आणि बोलणं चालूच राहिलं. पुरुषाचा आवाज. उजव्या कानामागून. स्पष्ट.

"उद्या बोर्डाचा भाव तू सांगशील तोच."

बोर्ड म्हणजे रावेर-बऱ्हाणपूरकडे रोज जाहीर होणारा केळीचा भाव. अख्खा पट्टा त्यावर डोळे लावून बसतो. भाऊंनी रात्री दोनला व्यापाऱ्यांना फोन लावले. नव्या ट्रॅक्टरचा विसार दिला. भूक नाही, थकवा नाही, बोलण्याला खंड नाही. घरच्यांना वाटलं, माणूस जोमात आलाय.

फक्त माय घाबरली, कारण भाऊ तिच्याजवळ येऊन कुजबुजले होते, "मना कानमा कोनतरी बोलस."

(दृश्य: देवघर. भिंतीवर कृषी केंद्राचं कॅलेंडर.)

आधी भगताकडे नेलं. भगताला आम्ही इथे नावं ठेवणार नाही. घाबरलेलं घर जवळच्या माणसाकडेच जातं. पण त्याने उतारा करताना भाऊंना रात्रभर जागं बसवलं, आणि नेमकं तेच व्हायला नको होतं. सकाळी एकाचे दोन आवाज झाले होते.

काही महिन्यांनी सगळं उलटलं. भाऊ खाटेवरून उठेनात. कान तोच, आवाज वेगळा: "तू घर बुडवलं." घरात केळीचं सालही नसताना त्यांना सडलेल्या घडांचा वास यायचा. अंघोळ केली तरी जायचा नाही.

या आजाराचं नाव बायपोलर. मन कधी उधाणतं, कधी खचतं, आणि दोन्ही टोकांना भास होऊ शकतात. भास म्हटला की लोकांना स्किझोफ्रेनियाच आठवतो. पण मूडच्या आजारात, तो तीव्र झाला की, भास होणं अजिबात दुर्मीळ नाही. नुसत्या तीव्र नैराश्यातही ते होतात. बहुतेकदा हे भास मनाच्या रंगाचेच असतात. उधाणात आवाज राज्य देतो, खचल्यावर गुन्हा कबूल करायला लावतो. ऐकणाऱ्याला तो कल्पना वाटत नाही. तुम्हाला आत्ता माझा आवाज येतोय, तसाच तो येतो. म्हणून "तसं काही नाही रे" असं म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय," एवढं खरं बोलता येतं.

त्या काळात आवाजाने एकदा भाऊंना फवारणीच्या औषधाची बाटली दाखवली. वहिनींनी कोठीला कुलूप लावलं, त्यांना एकटं सोडलं नाही आणि सकाळी थेट सिव्हिल गाठलं. ज्या घरात असा आवाज येतो, तिथे पहिलं काम कुलपाचंच. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आणि मराठीतही.

(दृश्य: मे महिना. पांढरं ऊन, ओस पडलेला रस्ता.)

गोळ्यांनी आवाज हळूहळू मंदावला, मग थांबला. भासावरचं औषध वेगळं, आणि मन टोकाला जाऊ नये म्हणून लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर, म्हणजे मनाच्या या उधाणावर, लिथियमचा उपयोग दाखवला, आणि आजही ते पहिल्या फळीचं औषध आहे. पण खान्देशात ते घेणाऱ्याने उन्हाळा ओळखून राहावं. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पंचेचाळीस अंशांत घाम गाळला, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं, की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि ते रक्तात वाढतं. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणली, तरीही वाढतं. हात जोरात कापणं, जुलाब, उलट्या, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं, असं काही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी दवाखाना. रक्त तपासायचं ते शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही तपासणी होते. आपल्या मनाने मीठ बंद करायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून गोळीही.

वहिनींनी मात्र आवाजाची वाट पाहणंच सोडून दिलंय. त्या झोप मोजतात. कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, भाऊ किती तास झोपले तो आकडा. आकडा खाली घसरू लागला की कानात काही ऐकू येण्याआधीच डॉक्टरांना फोन जातो. श्रावणात खान्देशची देवी कानबाई घरी बसते, रात्रभर जागरण असतं. भाऊ आरतीला थांबतात, गाणी म्हणतात आणि नऊ वाजता निघतात. पहिल्या वर्षी भाऊबंदांनी टोमणे मारले. आता मायच सगळ्यांसमोर सांगते, "भाऊ, जपी जाय." म्हणजे, झोपून जा.

राहिला प्रश्न रात्रीच्या लाइटचा. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवलाय. व्हॉल्व्ह फिरवायला पुतण्या जातो. तो कुरकुर करतो, आणि त्याची कुरकुर रास्त आहे. म्हणून रात्रीच्या पाळीचे पैसे भाऊ त्याला वेगळे देतात.