घोळणा फुटला तर मान खाली

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो आणि माझ्या दवाखान्यात पोरं येतात ती मान आभाळाकडे करून. शर्टावर डाग, डोक्यावर ओला रुमाल, नाकाशी फोडलेला कांदा. सोबतच्या आजी सांगतात, "घोळणा फुटला होता डॉक्टर, मान वर धरली तसं थांबलं." थांबलेलं नसतं. रक्त घशात उतरत असतं.

नाकाची वाट वर कपाळाकडे जाते असं आपल्याला वाटतं. ती सरळ मागे जाते. आत्ता जिभेचा शेंडा टाळूला लावा. पुढे कडक लागेल, मागे मऊ. त्या कडक टाळूच्या पातळ हाडापलीकडेच नाक आहे. धाब्याच्या घरात खालच्या खोलीचं छत तीच वरची गच्ची, तसं तोंडाचं छत ती नाकाची जमीन. मऊ टाळूच्या टोकाला पडजीभ लोंबते आणि तिच्या मागे नाक नि तोंड एकाच घशात उघडतात. गिळताना मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. पाणी पिताना हसू फुटलं की ते नाकातून येतं, ते ही वाट उघडी राहिल्यामुळे. भरताचा घास चावताना त्याचा वासही याच मागच्या वाटेने नाकाच्या छतापर्यंत चढतो. सर्दीत मीठ-तिखट कळतं, पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट स्वाद हरवतो, तो म्हणूनच.

आता रक्ताचं. नाकाच्या मधल्या पडद्यावर, पुढेच, करंगळीचं टोक पोचेल इतक्या जवळ, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यावरची त्वचा अगदी नाजूक. आत येणाऱ्या कोरड्या झळांना ओलावा देता देता ती सुकते, खपली धरते. पोरानं नख लावलं की झालं. बहुतेक घोळणे इथेच फुटतात, म्हणूनच ते बोटांनी दाबून थांबवता येतात.

पोराला बसवा, पुढे झुकवा. नाकाचं हाड संपतं त्याखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. हाडावर दाबून काही होत नाही. श्वास तोंडाने. घड्याळ लावून 10 मिनिटं, आणि मधे सोडून बघायचं नाही. थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं ते या बघण्यामुळेच. घशात आलेलं थुंकू द्या, गिळलं तर उलटी होते. कांदा नाकाशी धरू नका. शिंक आली तर बसत आलेली गाठ सुटते.

20 मिनिटांत थांबलं नाही, डोक्याला मार लागलेला असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर नाक तसंच धरून दवाखाना गाठा. वयस्कर माणसाच्या नाकापेक्षा घशातच जास्त रक्त येत असेल तर थांबूच नका, ते मागच्या मोठ्या रक्तवाहिनीचं असू शकतं.

आणि आज रात्री पोरांची नखं कापा. झोपताना नाकपुडीच्या आतल्या कडेला पेट्रोलियम जेलीचं पुसटसं बोट फिरवा.