टोने: सगळ्या तोफा पुढे

या फोटोतलं जहाज जरा नीट बघा. आठही मोठ्या तोफा पुढच्या अर्ध्यात. आणि मागे? मागे एकही नाही. नुसता मोकळा डेक, त्यावर रूळ, आणि रुळांवर उभी विमानं.

ही जपानी आरमाराची हेवी क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, 'टोने'. नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत 1934 च्या डिसेंबरात काम सुरू झालं आणि नोव्हेंबर 1938 मध्ये ती आरमारात दाखल झाली. टोने हे नदीचं नाव. जपान्यांचा रिवाज असा, की हेवी क्रूझरला डोंगराचं नाव द्यायचं आणि हलक्या क्रूझरला नदीचं. टोने आधी हलकीच ठरली होती, 15.5 सेंटिमीटरच्या तोफांची. युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या नौदल करारांचं बंधन सुटलं आणि तिच्यावर 20.3 सेंटिमीटरच्या तोफा चढल्या. नाव बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

तोफा पुढे का? कारण मागचा भाग विमानांना हवा होता. तोफ उडाली की तिच्या धक्क्याने शेजारचं नाजूक विमान मोडायचं. शिवाय दारूगोळा एकाच जागी आला, म्हणजे तेवढ्याच भागाला जाड चिलखत पुरलं. पाच-सहा विमानं, वेग 35 नॉट. चाकांऐवजी तरंगणारे तरंडे असलेलं विमान कॅटापुल्टवरून, म्हणजे विमान झटक्याने हवेत फेकणाऱ्या यंत्रावरून उडायचं, परत येऊन पाण्यावर उतरायचं आणि क्रेनने वर यायचं. विमानवाहू नौकांच्या पुढे जाऊन बघणं, हेच हिचं खरं काम.

पर्ल हार्बर या हवाईतल्या अमेरिकन तळावर जपानने हल्ला केला, त्या सकाळी हल्ल्याआधी हिचं विमान माऊई बेटाजवळच्या लाहैना नांगरवाड्यावर घिरटी घालून आलं. एप्रिल 1942 मध्ये हिंदी महासागरात हिच्याच वैमानिकांनी 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या ब्रिटिश क्रूझर हेरल्या. दोन्ही त्याच दुपारी बुडाल्या. 424 माणसं गेली.

मग प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळची लढाई. 4 जून 1942. टोनेचं चार नंबरचं विमान पहाटे साडेचारला उडायचं होतं, उडालं पाचला. सात अठ्ठावीसला त्याचा संदेश आला: दहा जहाजं, बहुधा शत्रूची. कसली, ते नाही. तिकडे जपानी ताफ्याचा सेनापती नागुमो याची विमानं जमिनीवर टाकायचे बॉम्ब चढवून घेत होती, जहाजांवर टाकायचे नव्हे. विमानवाहू नौका असावी, हे कळायला आठ वीस वाजले. आणखी दोन तासांनी तीन जपानी विमानवाहू नौका पेटल्या होत्या. त्या अर्ध्या तासावर सगळं खापर फोडणं सोपं आहे. पण 'चिकुमा', म्हणजे टोनेची जुळी बहीण, तिचं विमान तर वेळेवर उडालं होतं. ते अमेरिकन ताफ्याच्या जवळून गेलं आणि त्याला काहीच दिसलं नाही.

9 मार्च 1944. मेलबर्नहून मुंबईला निघालेलं 'बेहार' हे ब्रिटिश मालवाहू जहाज टोनेने बुडवलं. शंभरहून जास्त माणसं पाण्यातून वर घेतली. त्यांत हिंदी खलाशीही होते. मुंबईला पोचायची होती ती माणसं. थोड्यांना बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, उतरवलं. उरलेल्यांना ठार मारण्याचा हुकूम होता रिअर ॲडमिरल साकोंजूचा. कप्तान मायुझुमीने गयावया करून पाहिली, ती फेटाळली गेली, आणि मग त्याने हुकूम पाळला. 18 मार्चच्या रात्री सत्तरच्या आसपास कैदी टोनेवर मारले गेले. युद्धानंतर हाँगकाँगला खटला चालला. साकोंजूला फाशी झाली, मायुझुमीला सात वर्षं.

ऑक्टोबर 1944 मध्ये फिलिपीन्समधल्या समार बेटाजवळच्या लढाईत चिकुमा गेली. टोने वाचली, पण घरी परतल्यावर तिला पुरेसं तेल मिळेना. जपानमधल्या कुरे बंदराजवळ तिला किनाऱ्याला लावून लपवून ठेवलं. 24 जुलै 1945 ला अमेरिकन विमानांनी तिला शोधून काढलंच. बॉम्ब लागले, पाणी आत शिरलं, आणि टोने उथळ तळावर टेकली. डेक बराचसा पाण्याच्या वरच राहिला. चार दिवसांनी विमानं पुन्हा आली. 1948 पर्यंत तिचं भंगार झालं.