आवडेल तीच पायात राहते

(एप्रिल महिन्यात गुहागर इथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

मला विषय दिला होता 'उतारवयातली पायांची काळजी'. मी संयोजकांना म्हटलं, त्यात 'उन्हाळ्यातली छान दिसणारी चप्पल' एवढं घाला, मग येते. फिजिओथेरपिस्ट म्हणून रत्नागिरीत माझं आयुष्य लोकांचे गुडघे, घोटे आणि टाचा बघण्यात गेलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगते. जी चप्पल आवडत नाही, ती माणूस घालत नाही. पायाला चांगली म्हणून मुलाने मुंबईहून आणलेली काळी जाडजूड सँडल खोक्यात राहते आणि आजी विहिरीवर जातात त्या झिजलेल्या स्लिपरवर. पाय घसरतो तो त्या स्लिपरमुळे. म्हणून चप्पल दिसते कशी, हेसुद्धा मी उपचाराचा भाग म्हणूनच बघते.

आधी पायाविषयी. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वयानुसार सैलावतात, कमान खाली बसते आणि पाऊल लांबीला आणि रुंदीलाही वाढतं. टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, म्हणून घरातल्या फरशीवर अनवाणी फिरलं की संध्याकाळी टाचा ठणकतात. काहींचा अंगठा करंगळीकडे कलतो आणि त्याच्या मुळाशी हाड वर येतं. हे सगळं इतकं हळू घडतं की आपल्याला कळत नाही. दुकानात गेल्यावर आपण तिशीतला नंबरच सांगतो. 'मला सहा नंबर लागतो.' लागत होता! आपल्याकडे चालतात ते नंबर ब्रिटिश पद्धतीचे. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. पाऊल तेवढं वाढलं आणि नंबर तोच राहिला, तर रोज बोटं चेपली जाणार. मग कुरूप होतं, नख मांसात जातं, आणि आपण म्हणतो चप्पल चावते.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर मला फार बरं वाटलं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय पावलांची पाहणी केली. लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. त्यात दिसलं की आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात. त्यावरून 'भा' नावाची नवी भारतीय मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे नाजूक, निमुळत्या सँडलमध्ये तुमचा पाय मावत नसेल, तर पायात काही खोट नाही. तो साचाच दुसऱ्यांच्या पायावरून काढलेला आहे. कितीतरी बायका माझ्याकडे पाय पदराखाली घेऊन बसतात, 'माझे पाय फार वाईट आहेत हो' म्हणतात. असं म्हणू नका. या पायांनी तुम्ही आयुष्यभर पाखाड्या, या आपल्या पायऱ्यांच्या वाटा, चढल्यात.

माप कसं घ्यायचं ते सांगते. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि उन्हाळ्यात जरा जास्तच. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर उभे राहा. बसून नाही. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं, तेच खरं माप. सूनबाईला किंवा नातवाला पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची. एक पाय बहुतेक वेळा मोठा असतो; चप्पल त्याच्या मापाची घ्यायची. तो आकार कापून पिशवीत घाला आणि दुकानात चपलेवर ठेवून बघा. कागद कुठूनही बाहेर डोकावला, तर ती चप्पल कितीही सुंदर असली तरी खाली ठेवा. सर्वांत लांब बोटापुढे सेंटिमीटरभर जागा हवी. चप्पल दोन्ही हातांनी वाकवा. ती चवड्याच्या जागी वाकली पाहिजे, जिथे आपलं पाऊल वाकतं. मधोमध दुमडली तर नको. आणि दुकानदार म्हणाला, 'काकू, वापरून सैल होईल', तर ऐकू नका. पहिल्या पावलाला बरी वाटते तीच घ्यायची.

आता आपल्या भागाकडे येऊ, कारण पुण्याच्या मासिकात आलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा ओली असते, घाम सुकतच नाही. पायाखाली जांभा, वाळू, तांबडी माती. पाखाडीच्या पायऱ्या एका उंचीच्या नसतात. आणि चप्पल सारखी काढावी लागते. शेजारी गेलात तर ओटीखाली काढायची, व्याडेश्वराला गेलात तर देवळाबाहेर काढायची, घरी आल्यावर परत काढायची.

खरी अडचण इथेच आहे. सुरक्षित चप्पल म्हणजे मागून टाच धरणारा पट्टा असलेली. पण पट्टा म्हटलं की वाकून बक्कल लावणं आलं, आणि सत्तरीत गुडघे आणि कंबर त्याला तयार नसतात. म्हणून सगळे अंगठ्याच्या चपलेकडे वळतात. ती चप्पल पायात टिकवायला प्रत्येक पावलाला बोटं आवळून धरावी लागतात. घामाने पाय निसरडा झाला की आणखी आवळायची. मग पावलं आखूड पडतात, माणूस पाय घासत चालतो आणि पायरीला अडखळतो. तुमच्या हवाई चपलेत बोटांच्या खाली बघा, पाच खळगे पडलेले दिसतील. ते या आवळण्याचे आहेत. अंगठा उपसून आला की आपण खालून सेफ्टी पिन लावतो आणि आणखी दोन महिने ओढतो. कृपा करून पिन लावू नका. दीडशे-दोनशे रुपयांची चप्पल आहे, टाकून द्या.

यावर माझा उपाय असा. मागचा पट्टा इलॅस्टिकचा घ्या आणि पुढचे दोन पट्टे वेल्क्रोचे. पुढचा पट्टा पूर्ण उघडला की पाय वरून आत जातो, पाऊल कोंबावं लागत नाही. सकाळी घट्ट, संध्याकाळी सुजेप्रमाणे सैल करता येतं. शिवाय बसून घाला. प्रत्येक ओटीला पायरी असते आणि देवळाबाहेर कट्टा असतो. एका पायावर उभं राहून, भिंतीला हात लावून चप्पल घालण्याची कसरत साठीनंतर बंद करा, मी हात जोडून सांगते. आणखी मदत हवी असेल, तर लांब दांड्याचं शू-हॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, दाराशी टांगून ठेवा. वाकावं लागत नाही.

दिसण्याचं काय? पट्ट्याची सँडल म्हणजे शाळेची चप्पल, असं आता राहिलेलं नाही. रुंद, एकमेकांवरून जाणारे पट्टे पायाला शोभतात आणि वर आलेलं हाड झाकतात. फक्त शिवण त्या हाडावर येता कामा नये. आतून बोट फिरवून बघा. टिकल्या आणि कशिदा वरून सुंदर असतात, पण आत दोऱ्याच्या गाठी टोचतात. रंग गडद तांबूस, वांगी, मेंदी असे घ्या. सुती साडीवर हे रंग उठून दिसतात आणि आपली तांबडी माती त्यांच्यावर कळत नाही. पांढरी सँडल इथे आठवडाभरात केविलवाणी होते. अगदी सपाट तळही नको. टाचेला दोन-तीन सेंटिमीटर उंची असली की पोटरीवर आणि तळव्याच्या शिरेवर ताण कमी येतो. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येते ना, त्यांना याने आराम पडतो. मात्र ती उंची सलग हवी, वेजची. टोकदार टाच सारवलेल्या अंगणात रुतते. मे महिन्यातल्या लग्नांत हे लक्षात ठेवा.

कोल्हापुरीविषयी विचारणार हे मला ठाऊक आहे. मला ती मनापासून आवडते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं घाम शोषतं आणि हळूहळू आपल्या पायाचा आकार घेतं. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. 2025 मध्ये प्राडासारख्या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा केवढी चर्चा झाली. या चपलेइतकं देखणं पादत्राण मी दुसरं पाहिलेलं नाही. पण कातड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो आणि मागून टाच मोकळी राहते. म्हणून आवड सोडू नका, चप्पल सुधारून घ्या. चर्मकाराकडे न्या. खाली खाचांचा रबरी सोल मारून घ्या, मागे त्याच रंगाच्या कातड्याचा पट्टा शिवून घ्या, टाचेखाली मऊ पातळ गादी बसवून घ्या. तासाभराचं काम असतं. हे कारागीर तुमचा पाय हातात घेऊन बघतात, कुठे घासतंय ते विचारतात. ही सेवा कोणत्याही मॉलमध्ये मिळत नाही. एकच अट, पावसाच्या आधी ती तेल लावून, कागदात गुंडाळून वर ठेवायची. ओल लागली की बुरशी आलीच.

काका मंडळी, तुम्हालाही सांगते. नातवाने टाकलेले स्पोर्ट्स शूज घालून तुम्ही समुद्रावर फिरायला जाता. माप त्याचं, तळ झिजलेला, नाडी सैल. मोज्यांशिवाय बंद बूट घातले की या हवेत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. लेंगा-झब्ब्यावर तपकिरी पट्ट्यांची, टाच धरणारी सँडल किती रुबाबदार दिसते, एकदा घालून बघा.

पण वाडीत, म्हणजे बागेत जाताना मात्र पुढून बंद असलेलं पादत्राण घाला, विशेषतः तिन्हीसांजेला. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप आहे. पालापाचोळ्याच्या रंगाचं, दिसत नाही. पाय पडला की चावतं. आणि ओटीवर ठेवलेला बूट झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही. कोकणातल्या लाल विंचवाने किती जीव घेतले, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे जगाला कळलं. त्यांच्या उपचारामुळे आज माणसं वाचतात, पण विंचू अजून आहेतच. इथे मी सौंदर्याला दुसरा नंबर देते.

तळाविषयी थोडं, कारण इथे पुष्कळ पैसे वाया जातात. लेकीने दिलेली महागाची सँडल लग्नकार्यासाठी कपाटात जपून ठेवता, दोन-तीन वर्षांनी काढता आणि चार पावलांत तळाचा भुगा होतो. हा तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. तो हवेतली ओल धरतो आणि आतून तुटत जातो. न वापरता ठेवला तरी तुटतो. कोकणच्या हवेत जपून ठेवणं हाच त्याचा शेवट. घेतली की वापरा. ईव्हीएचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा तळ हलका असतो, त्याला ओलीचं भय नाही, पण तो दबत जातो आणि गाडीत उन्हात राहिला तर आक्रसतो. ओल्या फरशीवर त्याचा भरवसा धरू नका. रबराचा तळ जरा जड, पण घट्ट धरतो. मी ओल्या जागी रबरच सांगते. नवी घेताना जुनी जोडी उलटी करून सोबत न्या. टाचेची एकच कड झिजली असेल, तर तुमचं वजन त्या बाजूला पडतंय. तसं असेल तर आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

शेवटी मधुमेहाविषयी, आणि हे मी सर्वांत कळकळीने सांगतेय. साखर बरीच वर्षं असली की तळव्यांची संवेदना जाते. भर दुपारी वाळूवरून किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चाललात तरी कळत नाही, आणि रात्री फोड दिसतो. असा फोड चिघळला की पायावर बेततं. देवाला प्रदक्षिणा घालायची तर सकाळी लवकर, फरशी थंड असताना. अंगठ्याची चप्पल तुम्हाला बिलकुल नको. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर आयुष्यातली कितीतरी वर्षं काम केलं. त्या परंपरेतून आलेली मऊ रबराची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल आज मधुमेहींना उपयोगी पडते. तीही आता वेगवेगळ्या रंगांत, बऱ्या घाटाची करून मिळते. कारागिराला तसं सांगा, लाजू नका. नवी जोडी पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढल्यावर पाय बघा, कुठे लाल झालंय का. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. घालण्याआधी रोज आत हात फिरवा. खडा असला तर पायाला कळणार नाही, हाताला कळेल.

तळव्याची संवेदना तपासायला मी सोबत 10 ग्रॅमचं मोनोफिलामेंट आणलंय, म्हणजे 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारं. नायलॉनचा साधा धागा आहे, टोचत नाही. तळव्याला टेकवला की तुम्ही डोळे मिटून 'कळलं' एवढंच म्हणायचं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चहा घेऊन झाला की मागच्या बाकांवर बसा आणि आपापली चप्पल हातात घेऊन या. मी एकेकाचे पाय बघते.