बरणीतला पाऊस कॅमेऱ्यात पकडताना

[दृश्य: ब्रह्मगिरीवर उतरलेले ढग]

गोदावरी इथे उगम पावते. अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर, तरी ती पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकच्या मुलांसाठी जलचक्राचा व्हिडिओ करायचा तर पहिलं दृश्य इथलंच हवं. समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्री चढतात, वर थंड होतात आणि पाऊस पाडतात. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, सिन्नरकडे त्याहून कमी. हे आकडे नकाशावर डावीकडून उजवीकडे मांडले की पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, वेगळी समजवावी लागत नाही.

[दृश्य: उकळती किटली, जवळून]

पुष्कळ व्हिडिओंत ढगाला वाफ म्हटलेलं असतं. ते चूक आहे. किटलीच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते, खरी वाफ तिथे आहे, ती दिसत नाही. पुढे दिसतो तो पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ढगही तसाच.

[दृश्य: टेबलावर काचेची बरणी]

रुंद तोंडाची बरणी घ्या. मधोमध छोटा काचेचा पेला उभा करा, स्टीलचा हलका पेला तरंगून कलंडतो. भोवती तीन बोटं गरम पाणी, साधारण ६० अंशांचं. उकळतं ओतलं तर काच तडकू शकते. पेल्याची कड पाण्याच्या वर राहू द्या. पाण्यात दोन चमचे मीठ आणि खायचा लाल रंग. बरणीच्या तोंडावर गोल बुडाचा स्टीलचा वाडगा, त्यात बर्फ. सपाट ताटली ठेवली तर थेंब कडेला सरकून काचेवरून ओघळतात; गोल बुडावरून ते नेमके पेल्यात पडतात. पेल्यातलं पाणी रंगहीन, मीठ खालीच राहिलेलं.

चित्रीकरणात मोठी अडचण काचेवर धरणाऱ्या बारीक थेंबांची. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब समोरच्या बाजूला आतून चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मागे काळा कागद, उजेड बाजूने. समोरून टॉर्च मारला तर काच चमकते आणि थेंब हरवतात. मोबाइलचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. दर ५ सेकंदांना एक याप्रमाणे ४० मिनिटांत ४८० फोटो होतात, सेकंदाला २४ या वेगाने ते २० सेकंद चालतात. तेवढे पुरतात.

[दृश्य: द्राक्षबाग, दुपार]

पानंही पाणी सोडतात. हिरव्या फांदीवर कोरडी पारदर्शक पिशवी चढवून देठाशी घट्ट बांधा. उन्हात तासाभरात आत थेंब दिसू लागतात. शेजारी सुक्या काटकीवरही अशीच पिशवी हवी, नाहीतर "हे हवेतलंच पाणी" हा मुलांचा रास्त प्रश्न अनुत्तरित राहतो. चित्रीकरण झालं की पिशवी लगेच काढा, पानं करपतात.

[दृश्य: विहिरीचं तोंड, आतला मुरूम आणि पाषाण]

जलचक्राच्या चित्रांत पाणी नदीपाशी संपतं. इथल्या काळ्या पाषाणात ते भेगांतून आणि मुरमातून खाली उतरतं, विहिरीत तेच येतं. बूड छाटलेल्या दोन बाटल्या तोंड खाली करून उभ्या करा, तोंडाला फडकं बांधा. एकीत मुरूम, दुसरीत वाळलेली काळी माती. दोन्हींत अर्धा अर्धा लिटर पाणी ओता. मुरमातून ते लगेच पाझरतं. काळी माती आधी भेगांतून गटागटा पिते, मग फुगते आणि वाट बंद करते. हे दृश्य कापू नका, पूर्ण वेळ चालू द्या.

शेवटी जलचक्राच्या आकृतीतले बाण. समुद्रातून उडालेलं बहुतेक पाणी पुन्हा समुद्रातच पडतं, म्हणून समुद्रावर पडणाऱ्या पावसाचा बाण सर्वांत जाड काढा.

सहा मिनिटांचा व्हिडिओ ७२० पिक्सेलमध्ये, मराठी उपशीर्षकांसह ठेवा. प्रकाशित करण्याआधी स्वस्तातल्या मोबाइलवर, अंगणात उन्हात बघा. पेल्यात पडणारा थेंब तिथे दिसला नाही, तर ते दृश्य पुन्हा घ्या.